काठाच्या वर आठ, काठाच्या खाली सतरा

सागाच्या एका दाट जंगलात एक पडकी विहीर होती. तिच्यावर एक थोरला उंबर वाकलेला होता, आणि त्या उंबरावर एक हुप्प्या आपल्या वानरांच्या टोळीसह राहत असे. हुप्प्या म्हणजे वानरांचा म्होरक्या. काळं तोंड, लांबलचक शेपूट, आणि आवाज असा की त्याने एकदा ‘हुप्प’ केलं की अख्खी टोळी चिडीचूप.

मुलांनो, ही गोष्ट वजाबाकीची आहे. झाली तोंडं वाकडी? मला ठाऊकच होतं. पण जरा दम धरा. या गोष्टीत एकीचा जीव टांगणीला लागणार आहे, आणि तो वाचवायला वजाबाकीशिवाय दुसरं काहीही कामी येणार नाही. तेव्हा मुकाट्याने ऐका. आणखी एक आधीच सांगून टाकते. या गोष्टीत एक खंड्या येतो. तोच तो निळ्या पंखांचा, लांब चोचीचा, पाण्यात सूर मारून मासे पकडणारा पक्षी. हा खंड्या मला फार म्हणजे फार आवडतो. त्याचं कौतुक करताना मी वाहवत गेले तर मला आवरायला येऊ नका.

तर त्या जंगलात उंची आणि खोली मोजायची एकच रीत होती. सगळं विहिरीच्या काठापासून मोजायचं. वानरं काठापासून वर मोजत. हुप्प्याची आवडती फांदी विहिरीच्या बरोबर डोक्यावर होती, काठापासून आठ हात वर. पण ‘आठ हात वर’ असं लांबण कोण लावणार? हुप्प्या नुसतं म्हणे, “मी आठाला बसतो.” विहिरीतली मंडळी काठापासून खाली मोजत. विहीर दगडांनी बांधलेली होती आणि दगडांचा एकेक थर एकेक हात उंचीचा होता, त्यामुळे मोजणं सोपं. विहिरीतला म्हातारा बेडूक म्हणे, “माझी कपार बाराला.” वर का खाली, हे कुणीच बोलून दाखवत नसे. कशाला दाखवतील? वानरांचा सगळा संसार काठाच्या वर आणि बेडकांचा सगळा काठाच्या खाली. कुणाला कधी अडलंच नव्हतं.

वानरांची वजाबाकीही तशीच सोपी. तेरावरच्या फांदीवरून सहावरच्या फांदीवर यायचंय? तेरातून सहा गेले, सात हात उतरायचं. मोठ्यातून लहान काढायचा आणि उडी टाकायची. हुप्प्याच्या आजोबांच्या आजोबांपासून हे असंच चालत आलं होतं आणि आजवर एकाही वानराचा पाय चुकला नव्हता. हुप्प्याला या हिशेबाचा भारी अभिमान. उत्तर तो असं चटकन सांगे की ऐकणाऱ्याने तोंडात बोट घालावं.

एके दिवशी सकाळी एक सशीण विहिरीच्या काठाशी कोवळं गवत खायला आली. जवळच करवंदीच्या जाळीत तिची दोन पिल्लं निजली होती. सशिणीने एक तोंड मारलं, दुसरं मारलं, आणि तिसरं मारायला ती जरा पुढे झाली तेवढ्यात काठाची माती ढासळली. सशीण मातीसकट धाडदिशी आत गेली.

नशीब, खाली पाणी होतं. नाकातोंडात पाणी गेलं, पण धडपडत, पाय मारत ती भिंतीतून पुढे आलेल्या एका दगडावर चढली. तिथे अंग चोरून बसली आणि थरथरू लागली. तो दगडही काही धड नव्हता. सशिणीने इकडचा पाय तिकडे केला की दगड डुगडुगे आणि त्याच्या सांध्यातून चिखल गळे.

बेडूक पोहत पोहत तिच्याजवळ आला. “हलू नकोस, बाई. अजिबात हलू नकोस,” तो म्हणाला. मग मान वर करून त्याने गळा फुगवला आणि ओरडला, “अरे ए वानरांनो! सशीण पडलीय! दगड सुटत आलाय! काहीतरी करा!”

सगळी टोळी फांद्यांवर गोळा झाली. खाली वाकून पाहिलं तर काळोख्या पाण्यापाशी दोन लांब कान तेवढे दिसत होते. करवंदीच्या जाळीतून पिल्लांची चुळबुळ ऐकू येत होती. टोळीत एक लेकुरवाळी वानरीण होती. तिने ती चुळबुळ ऐकली आणि आपलं पोर दुसरीच्या कुशीत देऊन ती पुढे आली.

“मी उतरते,” ती म्हणाली.

“काठावरून नको,” हुप्प्या म्हणाला. “काठ ढासळतोय. आपण तिथे पाय ठेवला तर आणखी माती तिच्याच डोक्यावर पडेल. भिंतीला तर नुसतं शेवाळ आहे. माझ्या फांदीवरूनच वेल सोडू.”

विचार अगदी बरोबर होता. हुप्प्या मूर्ख नव्हता, हे ध्यानात ठेवा. उंबरावर गुळवेल चढलेली होती, बोटभर जाडीची, वानराचं वजन सहज पेलणारी. हाताला येईल अशी ती तीस हात होती. पण वानरांचा एक नेम होता. वेल जिवंत आहे, तिच्यावर आपण खेळतो, म्हणून लागेल तेवढीच तोडायची, उगाच ओरबाडायची नाही. नेम चांगलाच होता. पण त्यामुळे किती लागेल ते आधी काढणं आलं.

“सशीण कितीवर आहे?” हुप्प्याने ओरडून विचारलं.

“सतराला!” खालून बेडूक ओरडला.

हुप्प्याने क्षणाचाही वेळ लावला नाही. “आपली फांदी आठाला. सतरातून आठ गेले, नऊ. नऊ हात तोडा! गाठीत दोन हात जातील, पण टोकाला लोंबकळून वानरीण तेवढे भरून काढेल.”

थांबा. तुमच्यातला कुणीतरी आत्ताच हसला. हसू नका. इथे बसून हसणं सोपं आहे. ज्याच्या सात पिढ्यांत मोठ्यातून लहान काढून कधी चुकलं नाही, तो ऐन घाईत दुसरं काय करणार होता?

वानरांनी दातांनी कराकरा वेल तोडली, नऊ हात मोजून. हुप्प्याने ती फांदीला बांधली, दोन हात गाठीत गेले, आणि उरलेली सात हात वेल खाली सोडली. सगळ्यांनी माना वाकवून पाहिलं. वेल विहिरीत गेलीच नाही. तिचं टोक काठाच्याही वर हातभर वाऱ्यावर झुलत राहिलं.

“हे काय?” वानरीण म्हणाली. “ही तर विहिरीच्या बाहेरच राहिली.”

“बेडकाने आकडा चुकीचा सांगितला,” हुप्प्या गुरगुरला. “ए बेडूक! नीट मोज!”

बेडूक म्हातारा खरा, पण तापट होता. “माझा जन्म गेला या विहिरीत!” तो ओरडला. “सतरा म्हणजे सतरा! तुझी वेल खोटी असेल!”

“माझी वेल खोटी?”

“नाहीतर काय माझे दगड खोटे?”

झालं! वर हुप्प्या आणि खाली बेडूक यांची अशी जुंपली की विहीर घुमायला लागली. आणि या सगळ्या गोंधळात सशिणीखालचा दगड आणखी थोडा कलला. ती किंचाळली नाही. तिने नुसतं विचारलं, “माझी पिल्लं जागी झाली का हो?” ते ऐकून वरचं भांडण तिथेच थांबलं.

तेवढ्यात ओढ्याच्या बाजूने निळी रेघ सपकन आली आणि फांदीच्या टोकावर टेकली. खंड्या! चोचीत एक चंदेरी मासा वळवळत होता. या खंड्याचं घरटं विहिरीच्याच भिंतीत होतं आणि बसायची जागा उंबरावर. दिवसभर फांदीवरून खाली, खालून फांदीवर, असा त्याचा धंदा. वानरं कधी काठाखाली गेली नाहीत, बेडूक कधी काठावर आला नाही. सगळ्या जंगलात रोज काठ ओलांडणारा एवढा एकच.

त्याने झुलणारं टोक पाहिलं, खाली सशीण पाहिली, आणि बोलण्यासाठी चोच उघडली. मासा सुटला आणि सरळ विहिरीत गेला. सकाळपासूनची मेहनत गेली, पण गड्याने त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणून तर मला तो आवडतो.

“किती तोडलीत?” त्याने विचारलं.

“नऊ,” हुप्प्या म्हणाला. “सतरातून आठ गेले, नऊ. हिशेब चोख आहे. मोज हवं तर.”

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, “अरे अडाण्या, काय करून बसलास!” खंड्या तसं बोलला नाही. मान वाकडी करून, एक डोळा हुप्प्यावर ठेवून तो म्हणाला, “हुप्प्यादादा, विहिरीच्या आत भिंतीतून या उंबराचं एक मूळ बाहेर आलंय. दिसतंय? तुझ्या मांडीएवढं जाड आहे, मी रोज त्यावर बसतो. तेही आठाला आहे. तुझ्या फांदीवरून त्या मुळावर जायला किती वेल लागेल?”

“त्यात काय,” हुप्प्या म्हणाला. “फांदी आठाला, मूळ आठाला. आठातून आठ गेले, शून्य. वेल लागतच नाही.”

“मग टाक पाय,” खंड्या म्हणाला.

हुप्प्याने पाय उचलला. अहो, खरंच उचलला! हिशेबावर एवढा विश्वास होता बिचाऱ्याचा. पाय हवेत असताना त्याने खाली पाहिलं. फांदीखाली हवा, हवेखाली काठ, काठाखाली भिंत, आणि पार खाली, अंधारात, ते मूळ. त्याने चटकन पाय मागे घेतला आणि शेपटीने फांदी घट्ट धरली.

“हे शून्य नाही,” तो हळूच म्हणाला.

“नाही,” खंड्या म्हणाला.

“मी वरचा आठ आणि तो... तो खालचा आठ.” हुप्प्याचे डोळे मोठे झाले. “मधे काठ आहे! काठापर्यंत आठ उतरायचे आणि काठाखाली आणखी आठ. सोळा!”

“शाब्बास!” खंड्या म्हणाला. “मी रोज असाच मोजतो. आधी काठापर्यंत, मग काठापासून पुढे. आता सशीण सांग.”

“काठापर्यंत आठ. काठाखाली सतरा,” हुप्प्या बोटांवर मोजू लागला.

“बोटं पुरायची नाहीत. सतराला तीन दे, वीस होतील. आठातले तीन गेले, राहिले पाच. ते वर ठेव.”

“पंचवीस!”

मुलांनो, शाळेत बाई हेच फळ्यावर लिहितात. आठ वजा उणे सतरा. काठ म्हणजे शून्य, काठाखालचं सगळं उणे. ती दोन उण्यांची चिन्हं शेजारी शेजारी पाहिली की तुमच्या पोटात गोळा येतो, हो ना? पुढच्या वेळी आला की फांदीवरचा हुप्प्या आठवा. आठापासून उणे सतरापर्यंत उतरायचंय, आणि वाटेत काठ लागतो. एवढंच आहे ते.

पण आपली सशीण अजून खालीच आहे. हुप्प्याने घाईघाईने वेलीकडे पाहिलं. “तिसातून नऊ गेले, उरले किती?”

“दहा काढ आणि एक परत घे,” खंड्या म्हणाला.

“वीस... एकवीस.” हुप्प्याने उरलेली वेल पुन्हा पाहिली. “लागणार पंचवीस. एकवीसपासून पंचविसापर्यंत चार. चार हात कमी पडते!”

“तो नऊ हातांचा तुकडा जोडू,” एक वानर म्हणाला.

“ओल्या वेलीला ओली वेल बांधली की गाठ सटकते,” वानरीण म्हणाली. “लाकडाला बांधली तरच धरते. मागे झोका खेळताना पोरं पडली होती, विसरलास?”

हुप्प्या फांदीवर मटकन बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एवढा दांडगा हुप्प्या, पण तो खरंच रडत होता. “मीच मारलं तिला,” तो म्हणाला. “अख्खी वेल ठेवली असती तर पुरली असती. माझ्या या नऊ हातांनी तिचा जीव घेतला.”

खंड्या उडाला, विहिरीत शिरला, मुळावर टेकला, तिथून सशिणीजवळ गेला आणि परत वर आला. हे सगळं तुमची पापणी लवेपर्यंत.

“हुप्प्यादादा, रडणं नंतर. एक वजाबाकी राहिलीय. त्या मुळापासून सशिणीपर्यंत किती?”

हुप्प्याने डोळे पुसले. आता तो शहाणा झाला होता आणि, तुम्हाला सांगते, नवीन शहाणपण हे नव्या चपलेसारखं असतं, ते जिथे तिथे घालून मिरवावंसं वाटतं. “मूळ आठ, सशीण सतरा,” तो म्हणाला. “आता मी फसणार नाही. आठ आणि सतरा मिळवायचे. पंचवीस!”

“उतर की मग मनातल्या मनात,” खंड्या म्हणाला. “मुळावर उभा आहेस. खाली निघालास. वाटेत काठ लागतो का?”

हुप्प्याने डोळे मिटले. टोळी त्याच्याकडे बघत राहिली. खाली चिखलाचा एक गोळा पाण्यात पडल्याचा आवाज आला.

“नाही लागत,” हुप्प्या म्हणाला. “काठ तर माझ्या डोक्यावर राहिला. मूळही खाली, सशीणही खाली. आठ खाली गेलेलोच आहे, सतरापर्यंत जायचं. आठापासून दहापर्यंत दोन, दहापासून सतरापर्यंत सात. दोन आणि सात...”

तो थांबला. त्याने डोळे उघडले आणि फांदीला बांधलेल्या त्या तुकड्याकडे पाहिलं.

“नऊ!” तो ओरडला. “नऊ हात!”

“तुझे नऊच,” खंड्या म्हणाला. “अगदी बरोबर तोडलेस. फक्त बांधलेस चुकीच्या जागी.”

आता सांगा, कौतुक करायचं नाही तर काय करायचं अशा पाखराचं? दुसऱ्याच्या चुकीतून अख्खं उत्तर शोधून काढलं आणि ते त्याच्याच हातात दिलं. मी तर म्हणते, बुद्धी पुष्कळांना असते, पण अशी दिलदारी एखाद्यालाच.

मग मात्र कुणी वेळ घालवला नाही. वानरांनी उरलेली एकवीस हात वेल बुडाशी तोडली. तोडताना नेम मोडला असं कुणाला वाटलं नाही, कारण ती सगळीच लागणार होती. हुप्प्याने तिचं एक टोक फांदीला पक्कं बांधलं. दोन हात गाठीत गेले, सोळा हात वेल मुळापर्यंत पोचली आणि मुळाला गुंडाळायला वर तीन हात राहिली. नऊ हातांचा तुकडा सोडवून वानरिणीने गळ्यात अडकवला आणि ती सरसर उतरली. हुप्प्या वर फांदीला मिठी मारून बसला, फांदी हलू नये म्हणून.

मुळावर पोचताच वानरिणीने वेलीचं दुसरं टोक तिथे बांधलं. मग तो तुकडा गळ्यातून काढून मुळालाच बांधला आणि खाली सोडला. लाकडाला बांधलेल्या गाठी होत्या, त्यांनी धरलं. वानरीण त्या तुकड्यावरून खाली उतरली. पण गाठीत दोन हात गेले होते, त्यामुळे टोक सशिणीच्या वरच राहिलं. वानरिणीने पायांनी आणि शेपटीने वेलीला विळखा घातला, डोकं खाली केलं आणि दोन्ही हात लांबवले.

“ये, बाई,” ती म्हणाली. “मला घट्ट धर.”

सशिणीने आयुष्यात वानराला शिवलं नव्हतं. ती जागची हलेना. “मी घसरेन,” ती म्हणाली. “माझे पाय गारठलेत.”

“मीही लेकुरवाळी आहे,” वानरीण म्हणाली. “माझं पोर वर माझी वाट बघतंय. तुझी दोन बघतायत. उडी मार.”

सशिणीने मागचे पाय रोवले आणि उडी मारली. तिच्या पायाचा रेटा बसला तशी दगडाने जागा सोडली. दगड डुबुककन पाण्यात गेला, पाणी भिंतीभर उडालं, आणि वर कुणाला काही दिसेना. हुप्प्याने डोळे गच्च मिटून घेतले.

“धरलंय!” खालून वानरीण ओरडली. “माझ्याजवळ आहे!”

टोळीने असा काही हुप्पा केला की सागावरची सगळी पाखरं उडाली. सशिणीला पोटाशी घेऊन वानरीण मुळापर्यंत चढली आणि तिथे जरा टेकली. दोघीही धापा टाकत होत्या. खंड्या त्यांच्याजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, “नऊ हात झाले. आता काठापर्यंत आठ आणि पुढे आठ. काठ आला की उजेड लागेल.” सशीण उजेडाची वाट बघत डोळे उघडे ठेवून राहिली. काठ आला, उजेड आला, आणि मग हुप्प्याचे दोन लांब हात आले. त्याने दोघींना फांदीवर ओढून घेतलं आणि खोडावरून अलगद जमिनीवर उतरवलं.

सशीण करवंदीच्या जाळीकडे अशी पळाली की आभार मानायचंही तिला सुचलं नाही. पिल्लं जागी झाली होती. ती तिच्या ओल्या अंगाला बिलगली आणि लगेच दूध पिऊ लागली. जाळीबाहेर सगळी टोळी उभी होती. वानरांना शांत उभं राहता येत नाही म्हणतात, पण त्या दिवशी एकही वानर हललं नाही.

हुप्प्या फांदीवर गेला आणि विहिरीत वाकून म्हणाला, “बेडूकआजोबा, तुमचे सतरा बरोबर होते. मी उगाच तुमच्यावर ओरडलो.”

“असू दे, असू दे,” बेडूक खालून म्हणाला. “माझंही चुकलंच. ‘खाली’ म्हणालो असतो तर माझी काय जीभ झिजली असती?”

मला या हुप्प्याचंही कौतुक वाटतं. एवढ्या मोठ्या टोळीचा म्होरक्या, पण सगळ्यांच्या देखत ‘माझं चुकलं’ म्हणाला. आमच्या ओळखीतल्या कितीतरी मोठ्या माणसांना ते जमत नाही. आणि त्या दुपारी तो स्वतः ओढ्यावर गेला. वानर काही मासे धरत नाही, ते त्याचं काम नव्हे. पण तो गुडघाभर पाण्यात उभा राहून मासे खंड्याच्या बाजूला हाकत राहिला, त्याचं पोट भरेपर्यंत. सगळा भिजला आणि ओढ्यावरच्या बगळ्यांनी त्याला हसून घेतलं.

तेव्हापासून त्या जंगलात नुसता आकडा कुणी बोलत नाही. वानरं म्हणतात ‘वर आठ’, बेडूक म्हणतात ‘खाली बारा’. दोन जागांमधलं अंतर विचारलं की टोळीतलं शेंबडं पोरसुद्धा आधी विचारतं, “वाटेत काठ लागतो का?” लागत असेल तर ते दोन्ही आकडे मिळवतं, नसेल तर मोठ्यातून लहान काढतं.

आणि ती वेल? गुळवेल मोठी चिवट असते. तोडली तरी ओल मिळाली की ती पुन्हा धरते. पावसाळा येऊन गेला तेव्हा मुळाला बांधलेल्या नऊ हातांच्या तुकड्याला पालवी फुटली होती. विहिरीत आता कुणी पडलं तर धरायला ती आहे. हुप्प्या आपल्या फांदीवर बसला की रोज एकदा वाकून त्या हिरव्या पानांकडे बघतो. टोळीतली पोरं त्याला विचारतात, “आजोबा, ती वेल कुणी लावली?” तो म्हणतो, “माझ्या चुकीने. पण ती कुठे बांधायची, ते खंड्याने सांगितलं.”

तात्पर्य, मुलांनो, हे : वजाबाकी करण्याआधी दोन्ही आकडे काठाच्या कोणत्या बाजूला आहेत ते पाहावे, आणि उत्तर चुकले तर ते फेकून देण्याआधी, ते कोणत्या प्रश्नाचे बरोबर उत्तर आहे हे शोधून पाहावे.